वाऱ्याच्या मनोऱ्याखाली वाढलेलं पान

वन्संच्या मते हा प्रवास मी करायला नको होता. नवरा जाऊन वर्ष झालं नाही तोवर बाईने उंबरा ओलांडू नये, समुद्र तर नाहीच नाही. मी म्हटलं, "समुद्र विमान ओलांडेल, वन्सं. मी नुसती खिडकीशी बसून राहणार आहे." त्या हसल्या नाहीत. मीही हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

परत आल्यापासून कऱ्हाडात भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. दुबई किती उंच आहे आणि सोनं किती आणलं. उंच इमारती मी गाडीतून पाहिल्या, मान दुखेपर्यंत पाहिल्या, आणि सोनं आणलं नाही. मी पाहिलं ते खाडीच्या काठचं जुनं गाव, प्रवाळाच्या दगडांच्या भिंतींचं. ते कसं आहे आणि मी तिथे का गेले, हे सावकाशीने लिहिते. मला सावकाशीनेच लिहिता येतं. शाळेत इतिहास शिकवतानाही मुलं म्हणायची, बाईंची लढाई संपायच्या आत तास संपतो.

आधी कारण सांगायला हवं. आम्हांला एकच मुलगी, मृणाल. ती शारजाला असते. हे गेले तेव्हा ती मिळेल त्या विमानाने आली आणि अग्नी तिने दिला, कारण तसं यांनीच सांगून ठेवलं होतं. कुणी काही बोललं नाही. बोलणं झालं ते दहाव्या दिवशी, संगमावर. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसले होते, खाली बघत होते, पण एकही उतरेना. मग जो तो पुढे होऊन हात जोडून यांना वचनं देऊ लागला. मुलीला अंतर देणार नाही, घर विकणार नाही, वहिनींना सांभाळू. पुतण्या संजय म्हणाला, "काका, सगळं मी बघतो." तरीही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. घाटाच्या पायऱ्या चढताना वन्सं कुणाला तरी म्हणाल्या, "मुलीच्या हातचं कसं पोचणार?" हळू म्हणाल्या, पण मृणाल त्यांच्या मागेच होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं वन्संनी ठरवून टाकलं की या वेळी संजय करेल. मी मृणालला फोन केला. वाटलं, ती भांडेल. ती म्हणाली, "संजयदादालाच करू दे, आई. तेच बरं." तिचा तो आवाज ऐकला आणि मी पासपोर्ट काढायला निघाले.

शारजा

मृणाल आणि जावई श्रीकांत, दोघांच्या नोकऱ्या दुबईत आणि घर शारजात, कारण भाडं इकडे कमी. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती दोघं गाड्यांच्या न हलणाऱ्या रांगेत असतात. श्रीकांत म्हणतो, "आई, आम्ही राहतो रस्त्यावरच. शारजात फक्त झोपायला येतो." त्यांची मुलगी सई दुसरीत आहे. तिच्याशी मराठीत बोललं की ती सगळं समजून घेते आणि उत्तर इंग्रजीत देते. आजी आणि नातीचं चांगलं जमतं, फक्त मधून दोन भाषा वाहत असतात.

पहिल्याच सकाळी मी लवकर उठले. मृणाल बाल्कनीत होती. कठड्यावर तिने पानाएवढा ॲल्युमिनियमचा कागद पसरला होता आणि त्यावर दहीभात, पोळीचा तुकडा. ती दाराआड उभी. हातातला चहा गार झालेला. कबुतरं आली की ती हात उडवून त्यांना हाकलत होती. समोरच्या इमारतीच्या एसीच्या डब्यावर एक कावळा बसला होता. आपल्यासारखाच, राखाडी मानेचा. त्याने मान वाकडी करून कठड्याकडे पाहिलं आणि उडून गेला.

मृणालला मी दिसले. "काही नाही गं, पक्ष्यांना घालते," ती म्हणाली.

सई दप्तर भरत होती. ती म्हणाली, "शी डझ इट एव्हरी डे, आजी. बट द क्रो नेव्हर कम्स."

तेवढ्यात बेल वाजली. दारात इमारतीचा राखणदार, ज्याला तिकडे नातूर म्हणतात. पेशावरकडचा, दाराएवढा माणूस, पण बिचारा अजिजीने बोलत होता. "मॅडम, फिर कबूतर आ गया. नीचे सबका गाडी खराब होता है. बलदियावाला आएगा तो मेरे को पकडेगा, आपको नहीं पकडेगा."

बलदिया म्हणजे नगरपालिका. मृणाल त्याला "सॉरी भाईसाब, कल से नहीं" म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे त्याने पुष्कळदा ऐकलं आहे.

मी चहा घेत बसले आणि माझ्या ध्यानात आलं. कऱ्हाडहून परत आल्यापासून ही मुलगी रोज सकाळी त्या कठड्यावर परीक्षेला बसत होती आणि रोज नापास होत होती. मला राग आला. मुलीचा नाही. दुःख झाल्यापासून मला पहिल्यांदाच असा चांगला, स्वच्छ राग आला आणि त्याने बरं वाटलं.

श्रीकांतने माझ्यासाठी कार्यक्रम आखला होता. मॉल, वाळवंटातली सफर, सोन्याचा बाजार. मी म्हटलं, "मला यांचं घर बघायचंय."

खाडीकाठी

लग्नाआधी हे दोन वर्षं दुबईत होते, एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायला. तेव्हा कंपन्या खाडीकाठच्या जुन्या घरांतल्या खोल्या भाड्याने घेऊन माणसं ठेवत. जुने मालक नव्या बंगल्यांत राहायला गेलेले. अशाच एका घरात हे सहा जणांबरोबर राहिले. त्या घरावर वाऱ्याचा मनोरा होता. चारही बाजूंनी उघडा, आत भिंतींची फुली, कुठूनही वारा आला की तो खाली खोलीत उतरायचा. वीज नसण्याच्या काळातली ही युक्ती. मनोऱ्याच्या बरोब्बर खाली एकाच माणसाला झोपता येई, म्हणून सातही जणांच्या पाळ्या लावलेल्या. हे म्हणायचे, "माझी पाळी आली की मी झोपतच नसे. झोपलो तर वारा फुकट जाईल." कऱ्हाडच्या उन्हाळ्यात पंखा बंद पडला की दरवर्षी ही गोष्ट व्हायची. मृणालला ती इतकी पाठ होती की ती मध्येच पुढचं वाक्य म्हणून टाकायची.

घर कुठलं, हे मात्र आम्हांला ठाऊक नव्हतं. वस्तीचं नाव तेवढं माहीत होतं, बस्तकिया. श्रीकांत म्हणाला, "दाऊदभाईंना विचारू. त्यांना सगळं माहीत असतं. निदान त्यांना तसं वाटतं."

दाऊदभाई दाभोळचे. खाडीच्या धक्क्यावर लाकडी लाँची लागतात, त्यांना दोर आणि जाळी विकण्याचं त्यांचं दुकान आहे. मोठं पोट, मेंदी लावलेली दाढी. मला बघून उठून उभे राहिले.

"या वहिनी. कऱ्हाडच्या ना? म्हणजे घाटावरच्या. तरीच बोलत नाही. घाटावर पाणी कमी, शब्दसुद्धा मोजून वापरतात."

मी म्हटलं, "आमच्याकडे दोन नद्या आहेत."

"बघा, बोलल्या!" ते मृणालकडे वळून म्हणाले. "आता चहा घ्या. घराचं बघू, इन्शाल्ला. मी या गल्ल्यांतून चाळीस वर्षं फिरतोय. भाऊंचं घर न सापडायला काय झालं?"

मृणालने रजा घेतली होती. शाळेला सुटी म्हणून सईही बरोबर. दाऊदभाईंनी आम्हांला आधी पलीकडच्या तीरावर नेलं, मग परत आणलं, कारण त्यांच्या मते खाडी ओलांडल्याशिवाय दुबईत आल्यासारखं होत नाही. त्यासाठी एक लाकडी होडी असते, तिला अबरा म्हणतात. मधोमध बाक, माणसं पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. कठडा नाही. अर्धा दिरहम घेतात. "म्हणजे सहा-साडेसहा रुपये," मी म्हटलं. सई म्हणाली, "आजी, प्लीज, नॉट अगेन." माझ्याकडून तो गुणाकार काही सुटत नव्हता. पाणी हिरवं, वाऱ्याला मीठ आणि डिझेलचा वास. एका लाँचीवर टायर, फ्रिज आणि कांद्याची पोती चढत होती. डोलकाठीवर कावळे.

"हे इथे कसे?" मी विचारलं.

"आपलेच आहेत," दाऊदभाई म्हणाले. "लाँचीवर बसून आले. ना व्हिसा, ना पासपोर्ट, ना स्पॉन्सर. चाळीस वर्षं झाली तरी मला कागद दाखवावे लागतात आणि हा बघा, मालकासारखा बसलाय."

मृणाल कावळ्यांकडे बघत नव्हती. ती मुद्दाम बघत नव्हती, हे मला दिसत होतं.

मग किल्ला पाहिला. याला ते किल्ला म्हणतात. जे प्रतापगड चढले आहेत ते याला गढी म्हणतील. पण भिंतीजवळ जाऊन हात लावला आणि मी तिथेच थांबले. समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांची भिंत, वर चुन्याचा गिलावा. गिलावा उडाला होता तिथे दगडात शिंपले दिसत होते, किड्यांनी केलेली नक्षी दिसत होती. आमचे किल्ले डोंगराचेच तुकडे काढून डोंगरावर रचलेले. या माणसांकडे डोंगर नव्हता, म्हणून त्यांनी समुद्र रचला. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण इतक्या कमी सामानात गाव उभं करणाऱ्यांबद्दल पुस्तकात एक ओळ नव्हती. आत अंगणात खजुरीच्या झावळ्यांची झोपडी बांधून ठेवली आहे, तिलाही वारा पकडायला वर गोणपाटाचा मनोरा. गरिबाचाही मनोरा होता तर. ते मला फार आवडलं.

किल्ल्यामागून थोडं चाललं की एक चिंचोळी गल्ली लागते. तिथे एकदम आपलं कुठलंही तीर्थक्षेत्र. झेंडू, नारळ, कुंकवाच्या पुड्या, देवाच्या तसबिरी, वर जिन्यावर देऊळ आणि त्याला लागून मशिदीची भिंत. देवळाच्या चपला आणि मशिदीच्या चपला जवळजवळ एकाच रांगेत. एक तमिळ फुलवाली पुढे झाली. तिने मृणालला गजरा दिला, सईला दिला, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि तिचा हात मध्येच थांबला. मृणालनेही खाली पाहिलं. मी हात पुढे करून गजरा घेतला आणि माळला. हे गेले म्हणून मोगऱ्याचा वास गेलेला नाही. यांना तो आवडायचा आणि मला त्यांच्याही आधीपासून आवडायचा.

"यू लुक प्रिटी, आजी," सई म्हणाली.

दाऊदभाई दुसरीकडेच बघत म्हणाले, "यल्ला, चला, ऊन वाढेल."

बस्तकिया

ही वस्ती पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने भिंतीला टेकायचं. पण त्यामुळेच गल्लीत कायम सावली, आणि खाडीवरून आलेला वारा वाट चुकत नाही. बाहेरच्या अंगाला खिडक्या नाहीत. मोठ्या सागवानी दाराच्या पोटात एक छोटं दार, आपली दिंडी असते तसं. डोकं वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. अर्धी वस्ती पडलेली, अर्धीची डागडुजी चालू होती. कुठे बांबूंची परांची, कुठे नवा गिलावा, कुठे नुसता एक जिना आकाशात गेलेला. काही भाग आधीच पाडून टाकला होता. आणि सगळ्यांच्या वर ते मनोरे, त्यातून आडव्या लाकडी बल्ल्या बाहेर आलेल्या.

दाऊदभाई एका दारासमोर थांबले. "हेच ते."

मी डोळे भरून पाहिलं. आम्ही आत डोकावलो तर मनोराच नव्हता.

"मग हे नाही," ते म्हणाले आणि पुढच्या गल्लीत शिरले. तिथे आणखी एक दार. "हेच ते, वहिनी. शंभर टक्के." त्या दारावर कुलूप आणि कुलपाला गंज. तिसऱ्या घरासमोर ते नुसते खाकरले. मृणालला हसू फुटलं. यांच्या आजारपणापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "दाऊदभाई, तुम्ही बाबांना ओळखत तरी होतात का?"

"नव्हतो ओळखत. म्हणून काय झालं? घर तर होतंच ना!"

आमचा गलका ऐकून समोरचं दिंडीदार उघडलं. पांढरा पायघोळ झगा, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्या घराचे मालक, सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत होते. घर दुरुस्तीला दिलं होतं आणि काम नीट होतं की नाही हे बघायला ते रोज येऊन अंगणात खुर्ची टाकून बसत. उर्दू असं बोलत की मला माझ्या हिंदीची लाज वाटली. तरुणपणी मुंबईला मोती विकायला जात, असं म्हणाले.

त्यांनी बसवलं, खजूर दिला आणि वेलदोड्याची कडू कॉफी. हाताएवढ्या नव्हे, बोटाएवढ्या कपात. संपली की ते पुन्हा ओतत. पाहुणचार नाकारू नये म्हणून मी पीत राहिले. छाती धडधडायला लागली तेव्हा दाऊदभाईंनी सांगितलं, "वहिनी, कप असा हलवा. नाहीतर ते ओततच राहतील आणि तुम्ही कऱ्हाडपर्यंत जाग्या राहाल." मी कप हलवला. हाजीसाहेब हसले. कितीतरी गोष्टी अशा नुसता हात हलवून थांबवता येतात, हे मला या वयात कळलं.

मी त्यांना विचारलं, इथे नकाशे काढणारे हिंदी लोक राहत होते का? ते म्हणाले, "सब घरों में रहते थे. मेरे घर में भी रहते थे. नाम याद नहीं. एक आदमी दीवार पर पेन्सिल से लाइन मारता था, किसकी बारी है."

मृणालने माझा हात धरला. "कुठल्या भिंतीवर?"

भिंतीला नवा गिलावा झाला होता. खाली काय असेल ते गिलाव्यालाच ठाऊक.

दाऊदभाई आता शपथेवर सांगायला तयार होते की हेच ते घर. मी ऐकून घेतलं. पाळ्या सगळ्याच घरांतून लागत असतील, पेन्सिली सगळ्यांकडे असतील. पण मी त्या खोलीत गेले, मनोऱ्याखाली उभी राहिले, आणि वारा डोक्यावरून मानेवर आणि पाठीवर असा उतरला जसा कुणी वर बसून ओतत आहे. मी ठरवलं, हेच. पुरावा मागायचा असेल त्याने मागावा. मी आयुष्यभर मुलांना पुरावे मागायला शिकवलं, आता मला एक गोष्ट पुराव्याशिवाय हवी होती.

मी हाजीसाहेबांना सांगितलं की येत्या शुक्रवारी माझ्या नवऱ्याचं वर्ष आहे, आणि त्या दिवशी तुमच्या गच्चीवर आम्ही एक पान वाढलं तर चालेल का. कावळ्याचंही सांगितलं. ते ऐकत राहिले.

"हमारे यहाँ लोग तीन दिन बैठते हैं," ते म्हणाले. "आपके यहाँ एक साल? बहुत लंबा है, बहन. आओ, घर आपका है. लेकिन कौआ..." त्यांनी काठी आपटली. "कौआ चोर है. छत पर मछली सुखाते थे तो ले जाता था. मेरी माँ जूती फेंकती थी."

शुक्रवार

सकाळी मृणालने सगळं केलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. अळू मिळालं नाही म्हणून पालक. डबे भरत असताना फोन वाजला. वन्सं होत्या. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"झालं गं बाई सगळं नीट! संजयने पान ठेवलं आणि मागे सरला नाही तोच कावळा आला बघ. लगेच! भाऊ सुटला. आता तू मनाला लावून घेऊ नकोस."

मृणालने "हो आत्या" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओट्याशी येऊन डब्यांची झाकणं काढायला लागली.

"काय करतेस?"

"झालं ना आता, आई. पोचलं त्यांना. आता आपण कशाला जायचं?"

"आपण जेवायला जायचं," मी म्हटलं.

"आई, प्लीज. परत नाही आला तर?"

हे ती इतक्या लहान आवाजात म्हणाली की श्रीकांत गाडीची किल्ली घेऊन दारातच थांबला. मी झाकणं परत लावली. "अग्नी द्यायला तुझ्या बाबांनी तुला बोलावलं होतं. संजयला नाही, कावळ्याला नाही. चल."

शुक्रवार असल्याने रस्ते रिकामे होते. गल्ल्या शांत, दुकानं बंद. हाजीसाहेबांनी अंगण झाडून ठेवलं होतं आणि दाऊदभाई नमाजाला जायच्या आत आम्हांला भेटायला कडक इस्त्रीच्या कुडत्यात आले होते. आम्ही गच्चीवर गेलो. खाली खाडी, पलीकडे उंच काचेच्या इमारती, आणि हातभर अंतरावर मनोरा. मृणालने केळीचं पान मांडलं, सगळं वाढलं, पाणी फिरवलं. मनोऱ्याच्या बल्लीवर एक कावळा येऊन बसला.

आम्ही मागे सरलो. कावळा बघत राहिला. त्याने चोच पंखात घातली. काढली. आणखी एक आला, त्याच्याशेजारी बसला, दोघे बघत राहिले. संगमावरचा तो घाट जसाच्या तसा त्या गच्चीवर आला.

मृणालने हात जोडले. ओठ हलू लागले. "बाबा, मी दरवर्षी येईन. बाबा, मी चुकले असेन तर..."

"बास," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "काही कबूल करायचं नाही. तू काही चुकली नाहीस. मिळेल त्या विमानाने कोण धावलं त्यांच्यासाठी? अग्नी कुणी दिला? ज्याने त्यांच्या आजारपणात एकदाही विचारपूस केली नाही, अशा पक्ष्याकडून मला पावती नको."

मी पुढे गेले. पानासमोर मांडी घालून बसले आणि मृणालला ओढून शेजारी बसवलं. वरणभाताचा घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. ती बघतच राहिली. मग तिने तोंड उघडलं.

वडा मी खाल्ला. सई धावत आली. "कॅन आय हॅव द खीर?" श्रीकांत चपला काढून बसला. दाऊदभाई जिन्यातूनच म्हणाले, "वहिनी, हे वडे आम्हाला चालतात ना? नाहीतर उगीच तुमचा धर्म आणि माझा नमाज, दोन्ही जायचे." मी त्यांना दोन वडे दिले आणि हाजीसाहेबांना खीर. त्यांनी ती चाखली आणि म्हणाले, यात केशर कमी आहे. सासरकडचे लोक म्हणतात तसंच.

पान जवळजवळ संपलं तेव्हा तो खाली आला. बल्लीवरून कठड्यावर, कठड्यावरून जमिनीवर, तिरक्या उड्या मारत पानापर्यंत. चोच पुढे केली. मी श्वास रोखला हे लपवत नाही. मी मृणालकडे पाहिलं.

मृणालने त्याच्याकडे पाहिलं. मग पानाची घडी घातली, आपल्याकडे ओढली आणि दुसऱ्या हाताने चप्पल उचलली.

"यल्ला. खलास," ती म्हणाली. "निघ."

कावळा चिडून ओरडत बल्लीवर गेला. हाजीसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मेरी माँ!" ते म्हणाले. "बिलकुल मेरी माँ!"

मग आम्ही खाली गेलो. मनोऱ्याखाली हाजीसाहेबांनी चटई टाकली होती. सईने पाळ्या लावल्या, मोठ्या अधिकाराने. "आजी फर्स्ट, देन मम्मा, देन मी." मी बसले आणि यांच्यासारखीच जागी राहून वारा घेतला. मग मृणालची पाळी आली. ती आडवी झाली, "बाबा म्हणायचे, झोपलो तर..." एवढं म्हणाली आणि पुढचं वाक्य पुरं न करता झोपली. अशी झोपली की तिच्या मुठी उघडल्या. दाऊदभाई नमाज पढून परत आले तरी ती झोपलेली होती. सई म्हणाली, "इट्स माय टर्न." श्रीकांतने तिला उचलून अंगणात नेलं. तिची पाळी आम्ही मृणालला देऊन टाकली.

संध्याकाळी शारजाला पोचल्यावर मृणालने स्वतःच फोनकार्ड काढलं आणि वन्संना फोन लावला. मी सोफ्यावर होते. पलीकडून काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण ते मला ठाऊक होतं.

"आला होता ना, आत्या," मृणाल म्हणाली. "उशिरा आला. तोवर आमचं जेवण झालं होतं."